पेणच्या कारखान्यात तयार झाली

पेण, ११ जानेवारी २०२५

ध्रुव,

'चिरंजीव' लिहायला घेतलं होतं, पण एसटी स्टँडसमोरच्या बॅनरवर तू 'मा. श्री. ध्रुवजी' झाला आहेस, तेव्हा नुसतंच ध्रुव. बॅनरवर तुझा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांचे थाळीएवढे आहेत. 'पेणच्या सुपुत्राचे हार्दिक अभिनंदन.' मी भाजीची पिशवी घेऊन खाली उभी राहिले आणि वर बघतच बसले. शेवटी एक रिक्षावाला ओरडला, "ओ ताई, बाजूला व्हा, कोनी तरी उडवील." त्याला सांगावंसं वाटलं की तो वरचा बारका फोटो माझ्या भावाचा आहे. नाही सांगितलं.

तर अभिनंदन. तुमच्या कायराला वर्षातल्या सर्वोत्तम मोटारीचं बक्षीस मिळालं, मोठमोठ्या कंपन्यांच्या गाड्या मागे पडल्या आणि तिचा मातीचा पहिला नमुना घडवणारा म्हणून तुला स्टेजवर बोलावलं, हे सगळं मला पेपरातून कळलं. कायरा म्हणे! आपल्याकडे कैरी असते, कायरस असतो. असो, नावं ठेवणारे तुम्ही.

पण स्टेजवर तू जे बोललास त्यानं इथे काय घोळ झालाय ते ऐक. व्हिडिओत तू म्हणतोस, "मी पेणच्या कारखान्यात तयार झालो." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, पुन्हा पुन्हा ऐकलं. ज्या वडिलांच्या हाताखाली शिकलास त्या अण्णांचं नाव घेतलं नाहीस, पण कारखाना तरी म्हणालास. आता पेणमध्ये कारखाना म्हणजे गणपतीचा, हे तुला-मला ठाऊक. मुंबईच्या पेपरवाल्याला कुठून ठाऊक असणार? त्यानं 'झालो'चं 'झाली' केलं आणि मोठ्या अक्षरात छापलं : 'पेणच्या कारखान्यात तयार झाली कायरा'.

आपल्या आळीतले लोक हसले आणि विसरले. पण गडब, वडखळकडच्या लोकांनी ते मनावर घेतलंय. छापून आलंय म्हणजे काहीतरी असणार. आज नसेल तर येत असेल. मोटारीचा कारखाना गुपचूपच आणतात, जमिनीचे भाव चढू नयेत म्हणून, असं मला एकानं समजावून सांगितलं. काल सकाळी दोन मुलं दारात. हातात प्लास्टिकच्या फायली. "मॅडम, बायोडाटा इथेच द्यायचा काय?"

मी त्यांना कारखाना दाखवला. म्हटलं, हा बघा. फळीवर माघी गणपतींच्या मूर्ती सुकत होत्या. मुलं हिरमुसली, पण चहा पिऊन गेली.

पेपरात एक ओळ दुरुस्तीची छापायला सांग. तुझं ते ऐकतील. हे पत्र तुझ्या पुण्याच्या स्टुडिओच्या पत्त्यावर टाकते आहे, घरचा पत्ता माझ्याजवळ नाही.

ताई


पेण, २३ जानेवारी २०२५

ध्रुव,

दुरुस्ती काही आली नाही. माणसं मात्र रोज येतात.

आता तर चुरस लागली आहे. रोह्याचे लोक म्हणतात, कारखाना रोह्यालाच होणार, आमच्याकडे एमआयडीसी आहे, तुमच्याकडे काय आहे, खारजमीन? पेणचे म्हणतात, छापून पेण आलंय. गडबचा जनू जमिनीची दलाली करतो, तो दोन्हीकडून बोलतो. परवा येऊन माझ्या ओटीवर बसला आणि हळूच म्हणाला, "ताई, नुसता सांगा, हायवेच्या वरच्या अंगाला का खालच्या?" मी म्हटलं, जनू, माझ्या भावाला पेणला यायचा रस्ता आठवत नाही, तो हायवेची कुठली बाजू सांगणार! त्याला वाटलं मी हुशारीनं बगल दिली. जाताना उलट जास्तच आदरानं वाकला.

मग मीच म्हटलं, ही गाडी होते तरी कुठे ते बघू. रेल्वेनं पनवेलला गेले आणि कायराच्या शोरूममध्ये शिरले. कडक इस्त्रीचा एक मुलगा आला. "मॅडम, बजेट काय आहे?" मी विचारलं, ही बनते कुठे? तो खुलला. इंजिन परदेशातून, गिअरबॉक्स चाकणचा, जोडणी तमिळनाडूत, तिथून बोटीनं आफ्रिकेतही जाते. "ग्लोबल आहे मॅडम." पेणचं काय, विचारलं. त्याला पेण माहीत होतं. हायवेला ट्रॅफिक लागतं ते.

मी गाडीभोवती फिरले. समोरून दिव्यांकडे पाहिलं आणि थांबले. अण्णा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी शिकवताना आपल्याला सांगायचे ना, डोळा वरून झाकलेला असावा, मूर्ती आपल्याकडे बघते आहे असं वाटलं पाहिजे, पण टक लावून नाही. तस्सं होतं ते, ध्रुव. मग मागच्या चाकावरच्या फुगवट्यावरून हात फिरवला. तुझा अंगठा कुठून कुठे गेला असेल ते माझ्या हाताला कळत होतं. मुलगा म्हणाला, "मॅडम, बोटांचे ठसे उठतात." मला तिथेच रडू आलं. एसीमुळे डोळ्यांतून पाणी येतं म्हणून सांगितलं, तर त्यानं टिश्यू दिला. चांगला होता मुलगा. निघताना खासगीत म्हणाला की बक्षीस कायराला असलं तरी गिऱ्हाईक समोरच्या शोरूममध्ये जातं, त्यांची गाडी ॲव्हरेज जास्त देते. मला उगाचच त्या समोरच्यांचा राग आला.

अण्णा गेले तेव्हा तुझा फोन स्टुडिओच्या गेटवर लॉकरमध्ये होता. नव्या गाडीचे फोटो फुटू नयेत म्हणून तो काढून घेतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, काकांना तर नव्हतंच. निरोप तुला मिळाला तोवर इथे सगळं आटोपलं होतं. तू आलास, अंगणात उभा राहिलास, काकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं आणि तू पाणीही न पिता परत गेलास. तेव्हापासून सहा माघी गणपती झाले. मी तुला काहीच बोलले नव्हते रे. काकांशी भांडलास तर काकांशी भांड. मला का वाळीत टाकलंस?

हे खोडणार होते. राहू दे.

ताई


पेण, ५ फेब्रुवारी २०२५

ध्रुव,

माघी गणपती गेले. कारखाना झाडून घेतला. या दिवसांत इथे एरवी चिटपाखरू नसतं. कामाच्या बाया आता गुढीपाडव्यानंतर येतील. दुपारी रेडिओ लावते तो गाण्यांसाठी नाही, कुणीतरी बोलतंय म्हणून.

यंदा मात्र अनिता येते. गडबची आहे, खाडीकडच्या अंगाला भातशेती आहे त्यांची, नवरा धरमतरच्या जेटीवर बार्जवर असतो. तिचा मुलगा साहिल, आयटीआयचा फिटर. पहिल्या दिवशी ती मुलाला घेऊन आली ती जिताडा घेऊनच. तुला ठाऊक आहे आपल्याकडे जिताडा कोणाला नेऊन देतात. तहसीलदाराला, साहेबाला, ज्याच्याकडे काम अडलंय त्याला. आजवर आपल्या दारात कोणी जिताडा आणला नव्हता. मी नको नको म्हणत राहिले आणि मासा टोपात गेला.

"तुमच्या भावाला एक शब्द टाका गो ताई. पोर हुशार हाय, पन वशिला नाय."

मी म्हटलं, लिहीन. एवढंच म्हटलं. आणि ते खरंच होतं, मी लिहितेच आहे.

पण चार दिवसांनी ती परत आली. येताना वालाच्या शेंगा. पदरानं घाम पुसत ओटीवर बसली आणि विचारलं, "काय बोलला भाव?"

आता तूच सांग, मी काय म्हणायला हवं होतं? 'तो मला उत्तर देत नाही' असं एका जवळजवळ परक्या बाईला सांगू? तिनं घोटभर चहा घेतला होता, वाल सोलायला घेतला होता, दुपार टळटळीत होती आणि तिला घाई नव्हती. मी म्हटलं, "थांबा म्हणाला."

थांबा. एवढाच शब्द. थांबा म्हणजे हो नाही की नाही नाही.

परवा त्यांनी मला पोपटीला बोलावलं. मळ्यात मडकं लावलं होतं, भांबुर्ड्याचा पाला, वाल, अंडी, बटाटे, कोंबडी. सगळे खाली बसले होते, मला एकटीला खुर्ची. मी खुर्ची सोडून खाली बसले तर अनिता म्हणाली, "बस गो, बस माझ्या बाजूला." आतापर्यंत ती मला अहो-जाहो करत होती. साहिलनं मडकं फोडलं आणि पहिला वाटा मला दिला, "घ्या आत्या." मला कोणी आत्या म्हटलेलं नाही अजून. तुझ्या मुलांना बोलता येत असेल तर ती काय म्हणत असतील मला, की त्यांना मी माहीतच नाही?

तिथेच साहिल म्हणाला की रोह्याला धाटावच्या एका केमिकल कंपनीतून त्याला बोलावणं आलंय. वर्षभर ट्रेनिंग, मग कायम. महिनाअखेरीपर्यंत हजर व्हायचं. मी म्हटलं, अरे वा! तो म्हणाला, "नाय जानार. ध्रुवकाका थांबा बोललेत ना."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी शेंग सोलून तोंडात टाकली. चव लागली नाही.

ताई


पेण, १८ फेब्रुवारी २०२५

ध्रुव,

या पत्राला उत्तर दे. बाकीच्यांना नको देऊस.

'नाही' एवढंच लिही. 'गाडी तमिळनाडूत बनते, पेणला कारखाना नाही, मुलाला रोह्याला पाठव.' पोस्टकार्डावर लिही, मला उद्देशून नको, सहीही नको. मी ते अनिताला दाखवेन आणि प्रश्न मिटेल. फोन केला होता. वाजत राहतो. लॉकरमध्ये असेल, असं म्हणते आणि ठेवते.

मी तुला पूर्ण सांगितलं नाही गेल्या वेळी. 'थांबा' हा एकच शब्द राहिला नाही. अनिता दर दोन-तीन दिवसांनी येते आणि विचारते, मग मला काहीतरी सांगावं लागतं. एकदा सांगितलं, ध्रुवनं माझ्या गुडघ्याची चौकशी केलीय, तेल लावतेस का म्हणतो. तर तिनं दुसऱ्या दिवशी निर्गुडीचा पाला आणून दिला. मग सांगितलं, कायराचे दिवे करताना त्याला अण्णांची आठवण आली, असं लिहितो. मग सांगितलं, गणपतीला येणार आहे, मुलांना घेऊन, आखणी तोच करणार म्हणतो यंदा. अनिता गालाला हात लावून ऐकते. "कसा गो लिवतो तुझा भाव! आमच्या मानसाला फोनवर 'जेवलीस काय' पन इचारता येत नाय."

ही पत्रं फार छान आहेत, ध्रुव. तू लिहिली असतीस तर याच्याहून चांगली झाली नसती. परवा पोस्टमन आळीत शिरला तर मी केस नीट केले. इतकी मी त्यात गुंतले. मला माझीच लाज वाटली.

लोक म्हणतील, बाई भोळी आहे, नाही म्हणता येत नाही तिला. तसं नाहीये. मला नाही म्हणता येतं. व्यापाऱ्यांना मी रोज नाही म्हणते. कारखाना नाही असं सांगितलं की अनिता यायची बंद होईल, म्हणून मी म्हणत नाही. सोपं आहे. तिला माझ्याकडे दुसरं काय काम?

गेल्या वेळेसारखीच आजही हे पत्र टाकायला ती पोस्टापर्यंत येते म्हणाली. दारात चपला घालून उभी आहे. तिला वाटतं मी साहिलचंच लिहिते आहे. म्हणजे तेच लिहिते आहे मी.

महिनाअखेरीला दहा दिवस राहिलेत. लिही.

ताई


पेण, २८ फेब्रुवारी २०२५

ध्रुव,

तुझं पोस्टकार्ड आलं नाही. काल सकाळपर्यंत वाट पाहिली, मग मिनीडोरमध्ये बसून गडबला गेले. आपल्या तालुक्यात गाडी म्हणजे ही तीन चाकांची मिनीडोर, तिला कोणी बक्षीस देत नाही. ड्रायव्हरच्या बाजूला अर्धं अंग बाहेर ठेवून बसले होते आणि तोंडातल्या तोंडात वाक्यं जुळवत होते.

अनिता ओटीवर तांदूळ निवडत होती. साहिल घरीच होता. मला बघून त्याची मान उंचावली. आत्या एवढ्या सकाळी आल्या म्हणजे बातमी आणली असणार.

मी बसलेही नाही. म्हटलं, कारखाना नाहीये. कधीच नव्हता. ध्रुव गणपतीच्या कारखान्याबद्दल बोलला, पेपरवाल्यानं चुकीचं छापलं. गाडी तमिळनाडूत बनते. साहिल, रोह्याला जा, उद्याचा एक दिवस हातात आहे.

साहिल हसला. त्याला वाटलं मी गंमत करते. अनिता हसली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"खरा सांग गो ताई. जागा दुसऱ्या कोनाला दिली काय?"

"नाही गं."

"जनूनी त्याच्या भाच्याचा नाव घातला असंल."

"जनूचा काही संबंध नाही. कारखानाच नाहीये."

"मंग भावानी थांबा म्हनून लिवला तो काय उगाच? आमच्यासारक्याला फसवून त्याला काय मिलनार? येवढा मोठा मानूस, सौताच्या बापाची आठवन लिवतो, तो खोटा नाय बोलनार. तू त्याचा कागद दाव. त्यात नाय लिवलेला आसंल, तर पोर आत्ताच्या आत्ता जाईल."

बघ, माझ्यावर तिचा विश्वास राहिला नव्हता. तुझ्यावर होता. मी इतका चांगला भाऊ उभा केला होता की त्याच्यापुढे माझा शब्द टिकेना. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, परत जावं, आणखी एक पत्र आलं म्हणावं, त्यात तू 'जा' म्हणालास असं सांगावं. तेही चाललं असतं. ते सुचलंही होतं मला. पण ती कागद दाखव म्हणाली असती. आणि खरं सांगू, मला ते पुन्हा तुझ्या तोंडून बोलवेना.

मी म्हटलं, "कागद नाही. माझा भाऊ मला लिहीत नाही. वडील गेले तेव्हापासून एक ओळ नाही, एक फोन नाही. थांबा मी म्हणाले, तो नाही. गुडघ्याचं मी सांगितलं. वडिलांची आठवण मी सांगितली. गणपतीला येणार तेही मीच. त्याला तुमचं नावसुद्धा माहीत नाही. तू आलीस की बरं वाटायचं, म्हणून बोलत गेले."

मोठ्यानं म्हणाले. हळू म्हणायला जमलं नाही.

कुंपणाशी उभ्या असलेल्या बाया दुसरीकडे बघू लागल्या. साहिल आत गेला, पत्र्याची पेटी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा खांद्यावर बॅग आणि हातात आयटीआयची फाइल होती. आजच जातो म्हणाला, चुलत भावाकडे राहीन आणि उद्या सकाळी गेटवर उभा राहीन. आईच्या पाया पडला. माझ्याजवळ थांबला, मला वाटलं आता बोलेल मला. "येतो मॅडम," म्हणाला.

आज दुपारी तो हजर झाल्याचा निरोप जनूकडून मिळाला. घेतलं त्याला. म्हणजे चांगलं झालं. मी देवापुढे साखर ठेवली.

पण मी कालचं सांगत होते. साहिल बांधावरून हायवेकडे गेला आणि आम्ही दोघीच राहिलो. मी शिव्यांची वाट बघत होते. काही का असेना, तिला हक्क होता. अनितानं सूप परत मांडीवर घेतलं, चार खडे वेचले, आणि मग हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच कळत नव्हतं म्हणून तिनं विचारलं.

"मंग ताई, मी तुझ्यासंगती पोस्टात येयाची, तू पेटीत टाकायचीस, तां सगला तू लिवतेस कोनाला गो?"

मी तुझं नाव घेणार होते. ते सोडून गाडी चुकेल म्हटलं आणि निघाले.

ध्रुव, तिला काय सांगू?

ताई